वधू-वर मंडळाच्या कॉम्प्युटरची सफाई

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात साड्यांच्या घड्या घालण्याचं एक खातं, म्हणजे छोटा कारखाना, आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या खानदेशी समाजाच्या वधू-वर मंडळाची खोली. मी या मंडळाच्या विरोधात आहे. जात बघून, कूळ बघून, मुलीचा रंग 'गोरा', 'निमगोरा', 'सावळा' अशा तीन खणांत घालून माणसं जोडण्याला माझा विरोध आहे आणि तो मी लेखी नोंदवलेला आहे. आमच्या घरी विरोध लेखीच नोंदवतात. बाबा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये तीस वर्षं होते, आणि त्यांतली निदान पंचवीस त्यांनी पत्रकं लिहिण्यात घालवली. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पुढे 'कामगार बंधूंनो' असायचं, मागे माझा ग गणपतीचा.

तरीही मागच्या वर्षी मी एक अख्खा शनिवार त्या खोलीत मंडळाचा कॉम्प्युटर साफ करत बसले. त्याचं कारण ताई.

ताई मंडळाच्या खोलीत बसतात. समाजातली लग्नं जुळवण्याचं काम नऊ वर्षं त्या करताहेत आणि त्या स्वतः लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासर सोडून आलेल्या आहेत. अध्यक्षकाकांना हे पहिल्यापासून खटकतं. पण पगाराशिवाय रोज चार तास बसणारं दुसरं कोणी मिळालं नाही, म्हणून त्या बसल्या. बसल्या आणि त्यांनी दोन सुधारणा केल्या. एक म्हणजे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने फूट-इंचाच्या रेघा मारल्या. ज्या मुलाने फॉर्मवर पाच फूट आठ लिहिलं त्याला ताई चपला काढून चौकटीला उभं करतात. सुरतेतले आमचे बरेच मुलगे त्या चौकटीत दोन-दोन इंचांनी खचलेले आहेत. दुसरी सुधारणा जास्त धोक्याची होती. मुलीच्या फॉर्ममध्ये 'अपेक्षा' हा रकाना बाप भरायचा. ताईंनी तो मुलीला स्वतः टाइप करायला लावला, बापाला खाली चहाला पाठवून. या एका रकान्यासाठी मी माझ्या विरोधातून ताईंना वगळलं होतं.

तर एका मंगळवारी नवापूरकडचं एक कुटुंब मुलासाठी स्थळं बघायला आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि आजोबा. अध्यक्षकाकाही त्या दिवशी खोलीत होते. ताईंनी यादी उघडली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला. त्यात खांदे उघडे टाकलेली एक बाई आणि खाली हिंदीत ओळ, की आपल्या परिसरातल्या एकट्या स्त्रिया आपली वाट बघत आहेत.

आजोबांची नजर अधू, त्यांना वाटलं यादी सुरू झाली.

"हिचं गाव कोणतं?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, ही आपल्यातली नाही," ताई म्हणाल्या आणि फुलीवर टिचकी मारली. फुलीवर मारलेल्या टिचकीने दुसरी बाई उघडली.

"ही धाकटी का?" आजोबा म्हणाले. "मामकूळ सांगा दोघींचं."

मुलाची आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली, ती रडायला की हसायला हे ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा मात्र खुर्ची पुढे ओढून बसला होता. शेवटी ताईंनी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

पाहुणे गेल्यावर अध्यक्षकाका म्हणाले, "ताई, कॉम्प्युटर जे बघतो तेच दाखवतो. असं मी ऐकलंय."

"मी काय बघते असं तुम्हाला वाटतं, काका?"

"मी काही बोलत नाही. रविवारी कमिटी बसेल. ती बोलेल."

काय बोलणार तेही त्यांनी जिन्यात दोघा-तिघांना सांगून ठेवलं होतं. कॉम्प्युटर भंगारात आणि यादी कतारगामच्या एका धंदेवाईक विवाह केंद्राकडे. शिवाय वर एक वाक्य, की एकटी राहणारी बाई आहे, दिवसभर खोलीत दुसरं कोणी नसतं, आपण तरी काय सांगणार. ताईंची खुर्ची जाणार होतीच, पण त्या वाक्यासकट जाणार होती. आणि आमच्या समाजात असं वाक्य माणसापेक्षा जास्त जगतं.

ताईंनी मला फोन केला तो बुधवारी. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही, पण मला पत्रकं मांडून छापखान्याला पाठवता येतात, म्हणजे समाजाच्या मते मी इंजिनीयर आहे. शनिवारी सकाळी निघताना आई म्हणाली, "जाशी तं जाय, पण येवाना टाइमले तुन्हा फॉर्म भरीसन ये." जातेच आहेस तर येताना स्वतःचा फॉर्मही भरून ये, असं. बाबांनी पेपरमागून विचारलं, "मागण्या किती आहेत?" मी म्हटलं, यावेळी मागण्या नाहीत, दुरुस्ती आहे. ते जरा निराश झाल्यासारखे दिसले.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर मला पहिली गोष्ट दिसली ती ही, की ब्राउझरचं पान बघायला जागाच उरलेली नव्हती. वरून पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या होत्या. एक पट्टी हवामान सांगत होती, एक सवलतीची कूपनं, एक 'तुमचा कॉम्प्युटर मंदावला आहे' असं लाल अक्षरांत. खाली दोन बोटं रुंद फटीत समाजाची यादी दिसत होती, जाळीतून दिसावी तशी.

"हे सगळं कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की दोन-तीन वर्षं. आधी रमी यायची, मग केस वाढवायचं तेल आलं, आता या बायका. मला वाटलं, टीव्हीला जाहिराती असतात तशा याला असतील."

ब्राउझरला चिकटवलेल्या या छोट्या जोडप्रोग्रॅमना एक्स्टेन्शन म्हणतात. त्यांची यादी उघडली तर अकरा निघाले. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला दिलेली परवानगी लिहिलेली असते. मी पहिल्याची वाचली आणि माझं डोकं तापलं. 'सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे.' सर्व. वाचणे. आणि बदलणे. बाबांच्या मिलमालकानेही कधी एवढं मागितलं नव्हतं.

"ताई, तुम्ही मुलींचे मोबाइल नंबर, जन्मतारखा, पत्ते, सगळं यातच भरता?"

"मग कुठे भरू?"

"हा हवामानवाला ते सगळं वाचू शकतो."

ताईंनी विचारलं, "वाचलं असेल?"

"ते मला सांगता येणार नाही. वाचू शकत होता, एवढं नक्की."

त्यांनी कपाटातून लांबट वही काढली, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "एकेक सांग. मी लिहून घेते."

मग मी प्रत्येकावर आरोपपत्र ठेवत गेले आणि ताई नोंद करत गेल्या. हवामान: काम दिवसातून एकदा, डोळे चोवीस तास. काढा. कूपन: मंडळाने आजवर एकही वस्तू ऑनलाइन घेतलेली नाही. काढा. व्हिडिओ उतरवून देणारा: कोणी बसवला माहीत नाही, वागणं संशयास्पद. काढा. ताईंनी 'वागणं संशयास्पद' हेही लिहिलं. स्थळांच्या चौकशीत त्यांना तो शब्द वरचेवर लागतो.

काढणं मात्र सोपं नव्हतं. 'ठेवा' हे बटण हिरवंगार, तळहाताएवढं आणि 'काढा' हे राखाडी रंगात कोपऱ्यात, मुंगीसारखं. वेग वाढवतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमने तर जाताना पानभर प्रश्नावली उघडली. वर एक रडवेलं कुत्र्याचं पिल्लू आणि खाली विचारणा: तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात? आमचं काय चुकलं? एक संधी द्याल का?

ताईंनी चष्मा वर करून ते नीट वाचलं. "माझ्या सासरच्यांनी एवढं विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

दहावं एक्स्टेन्शन गुणमिलनाचं होतं. मुलामुलीच्या जन्मवेळा घातल्या की छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते सांगणारं. ते अध्यक्षकाकांनी स्वतः मागवून बसवलं होतं. परवानगी तीच: सगळं वाचणे, सगळं बदलणे.

"हे काढलं तर काका चिडतील," मी म्हटलं.

"काका चिडलेलेच आहेत," ताई म्हणाल्या. "काढ. मागे एकाच जोडप्याला सकाळी बावीस आणि दुपारी एकोणतीस गुण दिले होते याने."

साडेबारापर्यंत अकराच्या अकरा गेले. पान मोकळं झालं. समाजाची यादी पहिल्यांदाच डोक्यापासून पायापर्यंत दिसली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ताई चहा सांगायला खाली गेल्या आणि मी कॉम्प्युटर एकदा बंद करून पुन्हा सुरू केला.

हवामानाची पट्टी परत आली. तिच्यामागे कूपन. मग कोपऱ्यात चौकोन उगवला आणि मंगळवारची ती बाई पुन्हा उघड्या खांद्यांनी वाट बघत उभी राहिली.

म्हणजे आत कॉम्प्युटरमध्येच कोणीतरी बसलं होतं, जे हाकललेल्यांना परत बोलावत होतं. मी बसवलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी उघडली आणि ती तारखेप्रमाणे लावली. बहुतेक प्रोग्रॅम वेगवेगळ्या दिवसांचे होते. फक्त चार एकाच दिवशी, एकाच तासात आलेले. तीन मदतनीस अशा नावाचे आणि त्यांना घेऊन आलेला चौथा, त्यांचा म्होरक्या: फुकट पीडीएफ बनवून देणारा एक प्रोग्रॅम.

मी तारीख बघितली. तीन वर्षांपूर्वीची, हिवाळ्यातली. मग, का कोण जाणे, मी डेस्कटॉपवरच्या फायली बघितल्या. त्याच तारखेची एकच फाइल होती. 'हुंडा देणाऱ्यांनो आणि घेणाऱ्यांनो, दोघेही ऐका.' माझं पत्रक.

सगळं लख्ख आठवलं. छापखान्याने पीडीएफ मागितलं होतं, आमच्या घरी तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, ताईंनी मला अर्धा तास मंडळाचा वापरू दिला होता. मला घाई होती. एक खिडकी आली, 'पुढे'. दुसरी आली, 'पुढे'. 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत', हो, 'पुढे'. अटी वाचणाऱ्याला क्रांतीला उशीर होतो, असंच काहीतरी माझ्या मनात असणार. बाबांनी मिलमध्ये अंगठा उठवणाऱ्या माणसांना एकेक शब्द वाचून दाखवल्याशिवाय कधी कागदाला हात लावू दिला नाही. आणि त्यांच्या मुलीने हुंड्याच्या पत्रकापायी चार परक्यांना समाजाच्या मुलींच्या माहितीत आणून बसवलं होतं.

ताई अजून खालीच होत्या. खरं ते सांगते. माझा हात माउसवर होता आणि चारही प्रोग्रॅम एका मिनिटात काढता येण्यासारखे होते. जाहिराती बंद झाल्या असत्या. माझं नाव कुठेच आलं नसतं. पण तारखाही त्यांच्याबरोबर गेल्या असत्या आणि मग रविवारी अध्यक्षकाकांना म्हणता आलं असतं, की बघा, आता बंद झालं, म्हणजे आधी कोणीतरी काहीतरी बघत होतं.

ताई चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना पडदा दाखवला आणि सांगितलं. त्यांनी तारखा बघितल्या, पत्रकाचं नाव बघितलं, कप खाली ठेवला.

"तीन वर्षं मी ती रमी बंद करतेय," त्या म्हणाल्या. "दिवसातून वीस वेळा."

"हो."

"तुझ्यामुळे."

"हो, ताई."

"चहा पी." मग म्हणाल्या, "काढू नकोस आता. उद्या सगळ्यांसमोर काढ."

घरी येऊन मी निवेदन लिहिलं. दोन पानं झाली. फुकट वस्तूंच्या नावाखाली चालणारी लूट, माहितीवरचा सामान्य माणसाचा हक्क, भांडवल आणि बटण, असे त्यात परिच्छेद होते. बाबांनी ते लाल पेनाने तपासलं. पहिलं पान पूर्ण उडवलं.

"चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मग भांडवलशाही दुसऱ्या पानावरसुद्धा नको. चूक एका ओळीत सांगायची. कारण विचारलं तर द्यायचं, न विचारता दिलं की ते बहाणा होतं."

"तुम्ही कधी लिहिलंय का असं एका ओळीचं?"

"नाही," बाबा म्हणाले. "म्हणून तर मला माहितीय ते किती अवघड असतं."

रविवारी अकराला कमिटी बसली. सात जण, सातही पुरुष. ताई कडेला स्टुलावर, कारण त्यांच्या खुर्चीत अध्यक्षकाका बसले होते. आमच्या मंडळात साधा पंखा लावायचा तरी ठराव होतो, सूचक आणि अनुमोदकासकट. त्यामुळे कामकाज सुरू व्हायलाच वेळ गेला. मग काका म्हणाले, "ताईंबद्दल आपल्या सगळ्यांना मान आहे. पण समाजाच्या पोरी-बाळींचा मामला आहे, आणि बराबर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे."

मी उभी राहिले आणि ओळ वाचली. जाहिराती आणणारा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरमध्ये मी बसवला, तीन वर्षांपूर्वी, अटी न वाचता. ताईंचा त्यात काही दोष नाही. मग चार प्रोग्रॅमच्या तारखा आणि फाइलची तारीख पडद्यावर दाखवली. सातही जण खुर्च्या सरकवून जवळ आले.

"म्हणजे त्या बायका," अध्यक्षकाका सावकाश म्हणाले, "तुझ्या हुंड्याच्या पत्रकाने आणल्या?"

"हुंडाविरोधी, काका."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, ते पत्रक बरं नाही," एक सदस्य म्हणाले.

"तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं नव्हतं. म्हटलं होतं."

"पत्रक कोणीच वाचलं नाही," सेक्रेटरी वहीतून मान वर न करता म्हणाले, "जाहिराती मात्र सगळ्यांनी बघितल्या."

यावर जे हसू फुटलं त्यात ताईही होत्या. अध्यक्षकाका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांच्याजवळ एक तयार वाक्य होतं आणि ते आता कुठे ठेवायचं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ताई, मी त्या दिवशी बोललो ते सेक्रेटरींनी लिहून घेतलेलं नाही ना?"

"तुम्ही जिन्यात बोलला होतात," ताई म्हणाल्या. "जिन्यात वही नसते."

"मग आता वहीत लिहा. ताईंचा काही दोष नाही." आणि जरा थांबून, "सूचक मी."

अनुमोदनाला चार हात वर झाले. ताई वहीकडे बघत होत्या. वाक्य पूर्ण लिहून होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

मग सगळ्यांसमोर प्रोग्रॅम काढायचं काम. पहिल्यानेच विचारलं, तुमची खात्री आहे का? मी बटण दाबणार तोच सेक्रेटरी म्हणाले, "थांब. ठराव." हात वर झाले. "एकमताने खात्री आहे," त्यांनी लिहिलं. दुसऱ्यानेही तेच विचारलं, पुन्हा हात. चौथ्यापर्यंत सदस्यांनी हात खाली घेणंच सोडून दिलं होतं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, परत आलेली पिलावळ एकदाची काढून टाकली, पुन्हा सुरू केला. सगळे कोपऱ्याकडे बघत बसले. काहीच उगवलं नाही. एका सदस्याच्या चेहऱ्यावर मला किंचित हिरमोड दिसला, पण मी शपथेवर सांगणार नाही.

त्यानंतर पासवर्ड बदलले. मुलींचे मोबाइल नंबर यापुढे फक्त कपाटातल्या वहीत राहतील, असं ठरलं. आणि शेवटचा ठराव ताईंनी स्वतः मांडला. या कॉम्प्युटरवर कोणीही काहीही बसवायचं झालं तर त्याने आधी अटी मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि 'मान्य' हे बटण फक्त ताईंनी दाबायचं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "कोणीही म्हणजे कोणीही." मी हात वर केला. मला मताचा अधिकार नाही हे सेक्रेटरींनी लक्षात आणून दिलं, तरी मी तो खाली घेतला नाही.

सभा संपली. लोक जिन्याकडे निघाले, पण अध्यक्षकाका खुर्चीतच माउस फिरवत राहिले.

"ताई, माझं गुणमिलन दिसत नाही."

"काढलं, काका. तेही सगळं वाचत होतं."

"ते तर धार्मिक आहे. ते परत घाला."

"घालते की," ताई म्हणाल्या. "अटी वाचा, मी बटण दाबते."

काकांनी चष्मा लावला. अटी इंग्रजीत होत्या आणि लांबलचक. वाचता येतं हे दाखवायचं असल्यामुळे त्यांनी खरोखरच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, अडलं की माझ्याकडे बघून. खालून चहावाला दोनदा येऊन गेला. तिसऱ्या पानावर ते थांबले.

"हे लोक आपली माहिती तिसऱ्या कोणाला देऊ शकतात, असं लिहिलंय का हे?"

"हो, काका," मी म्हटलं.

"तिसरा म्हणजे कोण?"

"ते लिहिलेलं नाही."

"खाली असेल." त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, पुन्हा तिथेच आले. "नाही. मग त्याची चौकशी कुठे करायची?"

"करता येत नाही."

काकांनी चष्मा काढला. "ज्याची चौकशी करता येत नाही त्याच्या हातात आपण मुलीची जन्मवेळ देतो कधी?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, ताईंना विचारलं होतं.

"नाही देत," ताई म्हणाल्या.

"मग राहू द्या. पंचांगच बरं."

ते उठले. ताईंनी खुर्ची पुढे ओढली, बसण्याची उंची दोन बोटं कमी केली, कारण काकांनी ती वाढवून ठेवली होती, आणि बसल्या.